एकच क्रमांक, दोन फोटो

"फोटो सगळे कॉपी झालेत, फोल्डर भरलेला आहे, पण मातृभोजनाचा एकही फोटो नाही." नेरुळच्या एका काकांचा हा फोन. नातवाची मुंज होऊन दोन दिवस झाले होते. कॅमेरा कॅननचा खिशात मावणारा, कार्डं दोन: सकाळी ४ जीबीचं, ते पंगतीच्या सुमारास भरलं म्हणून पुढे ८ जीबीचं. दोन्ही शेजाऱ्याच्या कार्ड रीडरने कॉम्प्युटरवर उतरवली आणि लगेच कॅमेऱ्यातच फॉरमॅट केली. वर ४ जीबीचं कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून नातवाला ज्वेल ऑफ नवी मुंबई या तलावाकाठच्या बागेत फिरवून आणलं, तिथे २३ फोटो आणि एक छोटा व्हिडिओ.

मी फोनवरच तीन गोष्टी सांगितल्या. कार्ड बाहेर काढा आणि डाव्या कडेची बारीक पट्टी खाली, लॉककडे सरकवा. कॉम्प्युटर बंद करा आणि मी येईपर्यंत चालू करू नका. फॉरमॅट करताना 'लो लेव्हल फॉरमॅट' या चौकोनात टिक केली होती का, तेवढं आठवा. शेवटच्या प्रश्नावर सगळी भिस्त होती. साधं फॉरमॅट फक्त फाइल ॲलोकेशन टेबल (कोणती फाइल कार्डावर कुठे आहे याची नोंद) आणि फायलींची मुख्य यादी कोरी करतं, फोटो जागच्या जागी राहतात. लो लेव्हल मात्र सगळं कार्ड पुसून काढतं, मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. काका म्हणाले, टिक-बिक काही केली नाही, नुसतं ओके दाबलं. ठाण्याहून नेरुळची लोकल पकडली.

घरी गेल्यावर कॉम्प्युटर चालू करण्याआधी हार्डडिस्क काढून यूएसबी ॲडॅप्टरवर माझ्या लॅपटॉपला लावली. काही लिहायचं नाही, फक्त बघायचं. 'मुंज' फोल्डरमध्ये ६१७ फायली. काकांना पक्कं आठवत होतं की पहिल्या कार्डाच्या वेळी कॉम्प्युटरने ६१२ दाखवल्या होत्या. दुसऱ्या कार्डावर २८७ होत्या. म्हणजे ८९९ हव्या होत्या. त्यांनी दुसरं कार्ड उतरवल्यावर फोल्डर उघडून पाहिलं होतं, पण सहाशेच्या घरातला आकडा बघून समाधान मानलं, बेरीज केली नाही.

नावाप्रमाणे लावलं तर फोल्डर भिक्षावळीनेच सुरू होत होतं. गोम सापडली ती ९६ क्रमांकापाशी. तिथे एमव्हीआय_००९६ हा व्हिडिओ आणि आयएमजी_००९६ हा फोटो, दोन्ही. या कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ एकाच क्रमाने मोजले जातात. व्हिडिओला ९६ मिळाला की फोटोला ९७. एकाच मोजणीत दोन ९६ येऊच शकत नाहीत, म्हणजे फोल्डरमध्ये दोन वेगळ्या मोजण्या एकमेकींत मिसळल्या होत्या. कॅमेऱ्याच्या मेनूत 'फाइल नंबरिंग' उघडलं तर 'ऑटो रीसेट' निवडलेलं. या पर्यायात कार्ड बदललं की मोजणी पुन्हा ०००१ पासून. सकाळचा आयएमजी_०००१ आणि संध्याकाळचा आयएमजी_०००१, दोघांचं नाव एक.

दुसरं कार्ड त्याच फोल्डरमध्ये टाकताना विंडोजने विचारलं होतंच. त्या खिडकीत तीन पर्याय असतात: तिथल्या फायली बदला, या फायली सोडा, किंवा एकेक मी ठरवतो. पहिलाच पर्याय 'रिप्लेस' आहे आणि बहुतेकांचं बोट तिथेच जातं. तिसरा पर्याय घेऊन दोन्ही बाजूंना टिक केली असती, तर विंडोजने नव्या फाइलच्या नावापुढे (२) लावून दोन्ही ठेवल्या असत्या. २८७ पैकी पाच जागी एका कार्डावर फोटो आणि दुसऱ्यावर व्हिडिओ होता, तिथे नावं वेगळी असल्याने टक्कर झाली नाही. बाकी २८२ जागी सकाळचा फोटो गेला. गंमत म्हणजे सकाळचे तीन फोटो या योगायोगानेच वाचले होते आणि भिक्षावळीच्या गर्दीत एकटे पडले होते. काकूंनी ते आधी पाहिले होते, पण "कोणीतरी मागचे टाकले असतील" म्हणून सोडून दिले होते.

आता कार्ड. कॅमेरा केबलने जोडून इथे उपयोग नसतो. केबलने तो 'कॅमेरा' म्हणून दिसतो, त्याला ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही, आणि पुनर्प्राप्तीच्या सॉफ्टवेअरला कार्डाचे सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, दिसत नाहीत. रीडरच हवा, तोही कॅबिनेटच्या पुढच्या सैल पोर्टला नाही. लॉक तसंच ठेवून आधी पूर्ण कार्डाची एका फाइलमध्ये प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेतली. सेकंदाला १८ एमबीच्या आसपास वेग, चार मिनिटांच्या आत काम झालं. पुढचं सगळं त्या प्रतिमेवर. कार्ड पाकिटात.

फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. दिसायला काळी खिडकी आणि बाणाच्या कळा, पण काम चोख. फाइलच्या प्रकारांतून सगळे काढून फक्त जेपेग (फोटो) आणि मूव्ह (व्हिडिओ) ठेवले, 'व्होल' म्हणजे संपूर्ण जागा निवडली आणि निकाल वेगळ्या डिस्कवर पाठवला. हे सॉफ्टवेअर यादी बघत नाही, जेपेगची सुरुवात ओळखून तिथून फाइल उचलतं. म्हणून मूळ नावं मिळत नाहीत, एफ अक्षर आणि पुढे सेक्टरचा आकडा असं नाव मिळतं. हा आकडा निरर्थक समजून लोक वैतागतात. उलट कार्ड कोरं असताना फोटो काढले असतील, तर सेक्टरचा क्रम म्हणजेच फोटो काढल्याचा क्रम. टी अक्षराने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फायली मिळतात त्या मोठ्या फोटोंच्या आत असलेल्या लघुप्रतिमा, त्या आधी बाजूला काढाव्यात.

कार्डाने चांगली साथ दिली, त्याचं कारण काकूंची एक सवय. त्यांनी दिवसभरात कॅमेऱ्यावर एकही फोटो डिलीट केला नव्हता. मधले फोटो उडवत गेलं की पुढचे फोटो त्या भोकांत तुकड्या-तुकड्यांनी बसतात, आणि अशी फाइल उचलताना अर्धी दुसऱ्याची निघते. समारंभात कॅमेऱ्यावर निवडत बसू नये ते यासाठीच. निवड घरी करा.

तरी तलावावरच्या फेरीने किंमत वसूल केलीच. एक फोटो साधारण ५ एमबीचा, २३ फोटोंचे ११५. व्हिडिओ ४० सेकंदांचा, सेकंदाला ३ एमबी धरले तर १२०. फॉरमॅटनंतर कॅमेरा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहितो, त्यामुळे पहिली २३५ एमबी जागा, म्हणजे मुंजीचे पहिले ४७ फोटो, बदकांनी आणि झोपाळ्यांनी व्यापले होते. त्यातला एक वर सांगितलेल्या तिघांपैकी, तो कॉम्प्युटरवर होता. २८२ पैकी २३६ परत मिळाले, ४६ बाकी. मातृभोजन, अंतरपाट, गायत्रीचा उपदेश सगळं त्या २३६ मध्ये आलं. काकूंनी तिथेच चहा टाकला, पण मी काम थांबवलं नाही.

कारण अजून एक जागा उरली होती: हार्डडिस्क. विंडोजने जुना फोटो बदलला की त्याची जागा मोकळी होते, पुसली जात नाही. संध्याकाळच्या फोटोंनी यातल्या काही जागा घेतल्या, काही तशाच राहिल्या. हा कॉम्प्युटर जुना, फिरत्या डिस्कचा, म्हणून आशा होती. एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपची डिस्क, असती तर ट्रिम नावाची आज्ञा मोकळी झालेली जागा डिस्कला कळवते आणि तिथलं बहुधा काही हाती लागत नाही. कॉम्प्युटर बंद ठेवायला सांगितला तोही याचसाठी. फोल्डर डी ड्राइव्हवर होतं, तिथे फोटोरेकला 'फ्री' म्हणजे फक्त मोकळी जागा तपासायला लावली. दीड तासात अडीच हजारांवर जेपेग निघाले: जुन्या सहली, पत्रिकांचे नमुने, कोणाकोणाचे पासपोर्ट फोटो.

त्यातून मुंजीचे वेगळे काढायला प्रत्येक फोटोतली एक्झिफ माहिती, म्हणजे फोटोच्या आत लिहिलेली तारीख, कॅमेरा वगैरे नोंद, कामाला येते. ती वाचणाऱ्या एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने त्या दिवसाची तारीख आणि त्याच कॅमेऱ्याचं मॉडेल अशी गाळणी लावली. कॅननचे कॅमेरे मूळ फाइल क्रमांकही फोटोच्या आत लिहितात, तोही यादीत काढला. त्यामुळे १ ते ४७ पैकी कोणता मिळाला आणि कोणता नाही हे अंदाजाने नाही, क्रमांकाने कळलं. २९ अख्खे, ४ खालून राखाडी झालेले, १३ कायमचे गेले. गेलेले बहुतेक रांगोळी, दारातलं तोरण आणि पुण्याहवाचनाच्या सुरुवातीचे.

मग सगळ्यांना नवी नावं दिली: वर्ष-महिना-दिवस, पुढे तास-मिनिट-सेकंद. एकाच सेकंदात दोन असतील तर शेवटी १. अशा नावांची फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये टाका, दुसरीवर चढण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. कॅमेऱ्यात 'ऑटो रीसेट' काढून 'कंटिन्युअस' केलं, म्हणजे कार्ड बदललं तरी मोजणी पुढे चालू राहते. पण एक मेख आहे: आधीच मोठ्या क्रमांकाचे फोटो असलेलं कार्ड घातलं, तर कॅमेरा तिथून पुढे मोजतो. म्हणून कार्ड रिकामं करूनच घालावं, आणि रिकामं करण्याआधी प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर. कट-पेस्ट नाही, कॉपी. मग कार्डाच्या डीसीआयएम (कॅमेरा फोटो ठेवतो त्या) फोल्डरवर आणि कॉपीवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइट्स दोन्ही जुळवायचे. काकांनी हे वहीत लिहून घेतलं. बाइट्स का, असं विचारलं. मधेच रीडर निघाला तर अर्धवट फाइलही संख्येत मोजली जाऊ शकते, बाइट्समध्ये ती पकडली जाते.

गेलेल्या १३ फोटोंच्या वेळा मी कागदावर लिहून दिल्या, सकाळी ७:१० ते ७:५२. भाचीने तेव्हा मोबाईलवर काही फोटो काढले होते म्हणे. कार्डाची प्रतिमा माझ्या डिस्कवर महिनाभर राहील. ४ जीबीचं कार्ड लॉक केलेल्या अवस्थेत त्यांच्या देवघराच्या कपाटात आहे.