शेवरोलेट सिक्सला टर्बो: मॅनिफोल्ड ओतला, बूस्ट आला

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फिरला, मंडळी. बूस्टचा, म्हणजे त्या जादा दाबाचा, काटा ६ पीएसआयवर (पाउंड प्रति चौरस इंच) गेला आणि तिथंच थांबला, म्हणजे दाब त्यापुढं जाऊ न देणारी झडप, वेस्टगेटसुद्धा, शब्दाबाहेर नाही. गाडी तीच, १९५४ ची बेल एअर, आणि इंजिनही तिचंच: २३५ घनइंची, ३.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडर. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद पडला. एवढ्या वर्षांत शेवरोलेट गावोगावी पोचल्या, पण आज त्यातल्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली कुठलंतरी डिझेल गुरगुरतंय. ते पाप मला करायचं नव्हतं.

ज्यांच्याकडं शेवरोलेटचं २१६ घनइंची किंवा १९५३ च्या आधीचं २३५ इंजिन आहे त्यांनी टर्बोचा नाद सोडावा. त्या इंजिनात रॉडला बेअरिंग म्हणून बॅबिट हा मऊ धातू ओतलेला असतो आणि रॉड आपलं तेल डिपरनं, म्हणजे खालच्या छोट्या पळीनं, उडवून घेतो. बूस्ट दिला की बॅबिट गेलंच म्हणून समजा. १९५४ ला सगळ्या २३५ इंजिनांना शेल (बदलता येणारं पातळ) बेअरिंग, ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग आलं. कॉम्प्रेशन ७.५ ला १, म्हणजे टर्बोला आयतं जमणारं. पण क्रँक चारच मेन बेअरिंगवर उभा आहे. त्यामुळं ४,००० आरपीएमच्या वर जायचं नाही, जे काय मिळवायचं ते टॉर्कमध्ये, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. आवाज काढत फिरायला गाडी हवी असेल त्यांनी दुसरं इंजिन बघावं.

टर्बो घेतला चार सिलिंडर, ३.८ लिटरच्या डिझेल बसचा. हिशेब सोपा आहे. माझं इंजिन ४,००० आरपीएमला, ६ पीएसआय बूस्टवर, मिनिटाला साधारण ८ घनमीटर हवा ओढणार. ते डिझेल २,८०० आरपीएमला दुप्पट दाबावर जवळपास तेवढीच ओढतं. नवा टर्बो घेण्यात अर्थ नव्हता. शाफ्ट किती ढिला हलतो ते बघितलं, नवीन किट टाकून बॅलन्सिंग करून आणला, विषय संपला.

खरी मजा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोपर्यंत नेणाऱ्या भागात, आली. बाहेरचे लोक स्टीलचे पाइप वेल्ड करून मॅनिफोल्ड करतात. आपण कोल्हापुरात राहतो. शिरोलीत सकाळी उठून दगड मारला तर फाउंड्रीच्या पत्र्यावर पडेल. इथं राहून पाइप वेल्ड करायचे म्हणजे पंचगंगेच्या काठावर बसून बिसलेरी पिण्यासारखं.

या हेडला एक्झॉस्टची चार तोंडं आहेत: सिलिंडर १ चं एक, २-३ चं मिळून एक, ४-५ चं एक आणि ६ चं एक. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. नीट बघा, पुढच्या तिघांतला एक पेटला की पाठोपाठ मागच्या तिघांतला एक पेटतो. टर्बोचं टर्बाइन हाउसिंग दोन तोंडांचं आहे, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये मधोमध पडदा घालून पुढचे तीन एका तोंडात, मागचे तीन दुसऱ्या तोंडात सोडले. एकाचा धक्का दुसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये घुसत नाही आणि टर्बो खालच्या आरपीएमलाच जागा होतो.

डोकेदुखी होती ती लांबीची. मॅनिफोल्ड सुमारे ७०० मिलिमीटर. थंड ते तापलेला यात ५०० अंशांचा फरक धरला तर लोखंड जवळजवळ ४ मिलिमीटर वाढतं. २३५ चे मूळ मॅनिफोल्ड टोकाला तडकतात, त्यामागं हे मोठं कारण. म्हणून मधले बोल्ट फिट ठेवले, टोकाची भोकं लांबट केली आणि तिथं जाड वॉशर दिले. दोन्ही टोकं २-२ मिलिमीटर सरकू देत.

उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्या (साच्यासाठी लाकडी नमुना करणाऱ्या) काकांनी ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि म्हणाले, "एकच नग? एका नगासाठी कोअर बॉक्स कोण करतंय, साहेब?" मग विचारलं, गाडी कुठली? शेवरोलेट म्हटल्यावर खुर्ची पुढं सरकली. सागवानाचा पॅटर्न, आकुंचनासाठी मीटरला १० मिलिमीटर वाढ, फ्लँजला मशिनिंगसाठी ३ मिलिमीटर जादा. पडद्यामुळं कोअर (आतली पोकळी घडवणारे वाळूचे ठोकळे) दोन झाले आणि तिथंच घोळ झाला. पहिलं कास्टिंग बाहेरून देखणं. मी मधोमध हॅकसॉनं कापायला लावलं तेव्हा सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. कापल्यावर दिसलं: ६ मिलिमीटरची भिंत एका बाजूला जेमतेम ३ आणि समोरच्या बाजूला ९. धातू ओतताना कोअर उचलला गेला होता. पुढच्या साच्यात कोअरखाली आणि वर चॅपलेट (धातूचे छोटे टेकू) ठेवले, कोअर प्रिंट (कोअरची साच्यात बसणारी टोकं) लांब केले, आणि भिंत सगळीकडं साडेपाच ते साडेसहात आली. साधं सीआय (बीड) न घेता एसजी आयर्न (सहज न तडकणारं ओतीव लोखंड) घेतलं. तेही चालू ऑर्डरच्या हीटच्या (भट्टीतल्या एका वितळणीच्या) शेवटी, कारण एका नगासाठी भट्टी कोणी लावत नाही आणि लावूही नये.

फ्लँज मिलिंग करून हेडवर ठेवला आणि फिलर गेज फिरवला. ०.०५ मिलिमीटरची पट्टी कुठंच शिरली नाही. काका तेवढ्यासाठी गॅरेजवर आले होते.

ऑइलचं थोडक्यात. फीड मेन गॅलरीतून, मध्ये वेगळा फिल्टर, कारण या इंजिनाचा मूळ फिल्टर बायपासचा, त्यातून सगळं तेल जात नाही. रिटर्न १९ मिलिमीटरचा, सरळ उताराचा, संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर. भोक पाडायला भंगारातून दुसरा संप आणला. मूळ संप कपाटात आहे. गाडी राईट हँड असल्यानं स्टिअरिंग बॉक्स उजवीकडं आणि एक्झॉस्ट डावीकडं, म्हणून टर्बोला जागाच जागा.

कार्ब्युरेटर कुठं ठेवायचा यावर आमच्यात बरीच भांडणं झाली. १९६२ च्या कॉर्व्हेअर स्पायडरवर, म्हणजे कारखान्यातून टर्बो घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एकीवर, कार्ब टर्बोच्या आधी होता. सोपं काम, पण पेट्रोल मिसळलेली हवा टर्बोतून जाते आणि मग इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारा) लावता येत नाही. मी कार्ब टर्बोच्या नंतर ठेवला आणि अख्खा कार्टर कार्ब ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केला. मासेराटीनं बायटर्बोवर तेच केलं होतं. बाहेर-आत दाब सारखा राहतो, त्यामुळं थ्रॉटल शाफ्टमधून पेट्रोल बाहेर फवारत नाही. पितळी फ्लोटवर मात्र बाहेरून दाब येतोच, तो ६ पीएसआयला अजून चेपलेला नाही, लक्ष आहे. मूळ पंपाचा दाब ४ पीएसआयच्या आसपास, बूस्टसमोर तो हरणार. म्हणून इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर. त्यासाठी ६ व्होल्टचं वायरिंग १२ वर नेलं.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल) आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असलं तरी जुनं रबर ते खातंच, सगळे होज बदलले. हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या जवळ येतं, म्हणून जेट मोठे करावे लागले. मीटरवर एएफआर (हे प्रमाण) न बघता लॅम्डा बघा, त्यात १ म्हणजे नेमकं मिश्रण आणि १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त, गोंधळ होत नाही.

चाचणी पन्हाळ्याच्या रस्त्यावर. वाघबीळ सोडल्यावर चढाला तिसरा गिअर टाकला आणि सोडलाच नाही. पूर्वी इथं दुसऱ्यात रडत चढायची. शेजारी बसलेला मित्र मीटर मोठ्यानं वाचत होता, "शून्य पॉइंट ब्याऐंशी... ब्याऐंशी... एक्क्याऐंशी... अरे भावा, हे चढतंय का उतरतंय?" नाद खुळा.

वरच्या वळणांवर मात्र बारीक टकटक (मिश्रण अवेळी पेटल्याचा आवाज) ऐकू आली. इग्निशन दर पीएसआयला साधारण १ अंश मागं घेतलंय, मिश्रणही गर्द आहे. दोष हवेच्या तापमानाचा. आपल्या उंचीवर ६ पीएसआय म्हणजे १.४४ चं प्रेशर रेशो, ३५ अंशांची हवा टर्बोतून ८५ च्या आसपास तापून निघते. त्यामुळं वेस्टगेटचा रॉड सैल करून बूस्ट साडेचारवर आणलाय, आणि इंटरकूलर येईपर्यंत तिथंच राहील. ग्रिलच्या मागं जागा आहे, फक्त हॉर्न हलवावे लागतील.

पॅटर्न आणि कोअर बॉक्स जपून ठेवलेत. १९५४ किंवा त्यानंतरचं २३५ कुणाकडं असेल आणि मॅनिफोल्ड हवा असेल तर सांगा. दोघं-तिघं जमलो तर फाउंड्रीवालेही कुरकुर न करता साचे लावतील.