औषधाच्या फडताळातली ट्यूब

दुपारी औषधांच्या दुकानात चिठ्ठी देऊन उभे राहणाऱ्याला समोरची कपाटे वाचण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. परवा असाच वाचत असताना खोकल्याच्या बाटल्यांशेजारी विको टर्मरिकची ट्यूब दिसली. क्रीम-पावडरींचे दिव्यांनी उजळलेले कपाट पलीकडेच असताना ती इथे कशी, असे मला मुळीच वाटले नाही; आमच्याकडेही ती औषधांच्याच फडताळात असे.

स्नो आणि लिपस्टिक या गोष्टींना आजी ‘तोंडाला रंग फासणे’ म्हणत असे. हळद आणि चंदन म्हटले की मात्र तिचा विरोध मावळे. त्यामुळे आत्या कॉलेजला निघण्यापूर्वी मुरुमांसाठी म्हणून ट्यूब दाबत असे आणि मुरूम नसलेल्या गालालाही तितक्याच निष्ठेने क्रीम चोळत असे. आजी हे सारे पाहत असे, आणि आसपास कोणी नसले की मनगटाला किंचित क्रीम लावून वास घेत असे.

नागपूरचे दुकान सोडून मुंबईला आलेल्या केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला विकोचा पाया घातला, तो वज्रदंती दंतमंजनाच्या बळावर. सुरुवातीला ते आणि त्यांची मुले हे मंजन दारोदार विकत. हळदीची क्रीम त्यांच्या पश्चात, औषधनिर्माणशास्त्र शिकलेले त्यांचे चिरंजीव गजाननराव यांच्या काळात, १९७५ मध्ये बाजारात आली. हळद लावून पिवळ्या तोंडाने कचेरीत कोण जाईल, ही शंका साहजिक होती, म्हणून विक्रेते आरसा जवळ बाळगत आणि दुकानदाराला क्रीम लावून त्याचा चेहरा त्यालाच दाखवत, असे सांगतात.

मला मात्र या घराण्याच्या खटल्याचे अधिक कौतुक वाटते. उत्पादनशुल्क खात्याच्या मते ही क्रीम सौंदर्यप्रसाधन होती, आणि प्रसाधनांवरचा कर चढा होता. पेंढरकरांच्या मते ते आयुर्वेदिक औषध होते. कित्येक वर्षांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने सुटला. क्रीमचे इतर कारखानदार रूप खुलवण्याच्या जाहिरातींवर पैसा ओततात, तर यांनी आपला माल प्रसाधन नाही हे ठरवून घेण्यासाठी वकील लावले! खात्याने आमच्या आत्याची साक्ष काढली असती, तर निकाल कदाचित निराळा लागला असता. आजीला बोलावले असते, तर ती देवाशपथ ‘औषध’ म्हणाली असती.

तरीही, आत्याला पाहायला पाहुणे येणार होते त्या सकाळी आजीने स्वतःच फडताळ उघडून ट्यूब तिच्या हातात दिली. आत्याच्या चेहऱ्यावर तेव्हा एकही मुरूम नव्हता. आजीच्या लेखी तिचे दुखणे एकच होते, आणि ते म्हणजे तिचा सावळा रंग.