पायताणाबरोबरची चिठ्ठी : आमची वाटचाल

धंद्यात गोष्टीचा उपयोग कसा करावा, यावर बोलायला मला हल्ली कार्यशाळांना बोलावतात. तिथे वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात जे सांगून होत नाही ते इथे सविस्तर लिहितो आहे. आमच्या गोष्टीचं दुसऱ्यांनी काय केलं, तेही लिहिणार आहे, कारण ते अजून कुठे छापून आलेलं नाही.

आमचं कोल्हापुरी पायताणांचं, म्हणजे चपलांचं, दुकान कोल्हापुरात चप्पल लाईनला, कारखाना जवाहरनगरात. आजोबांनी सुरू केलं, वडिलांनी, म्हणजे आबांनी, वाढवलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. आजोबांची रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, अजून वापरात आहे. दगडावर घासून घासून पातं निम्मं राहिलंय, पण पायताणाचे कान, म्हणजे बाजूच्या पट्ट्या, कापायला तिच्यासारखी वळणारी दुसरी रापी आम्हाला मिळालेली नाही. लोखंडी साच्याचा डाय मारून एका दाबात ढीगभर कान निघतात, हे मला माहीत आहे. पण डाय सरळ कापतो. कड तिरकी तासली नाही तर कान पायाला घासतो, आणि घासलेल्या पायाचं गिऱ्हाईक परत येत नाही. तळ आम्ही भिजवून दगडावर ठोकून घेतो. ठोकताना आवाज बदलतो. आधी बद बद येतो, कातडं बसलं की टणक येतो, आणि तो ऐकूनच आबा हात थांबवायचे. शिवण कातडी वादीची, खिळा नाही. वेण्या आई आणि गल्लीतल्या बायका घालतात. कोल्हापुरीची सगळी नजाकत त्या वेणीत असते आणि मजुरीच्या हिशेबात तीच सगळ्यात खाली असते, हे इथे लिहून ठेवतो.

आबा गोष्टी सांगत विकायचे. गिऱ्हाईकाचा पाय कागदावर आखून घेता घेता बोलणं सुरू व्हायचं. कापशी घाटाची चप्पल कुठली, कुरुंदवाडी घाट वेगळा कसा, करकर कशानं वाजतं, पहिल्या आठवड्यात पायताण का चावतं. माणूस स्टुलावर बसलेला, एक पाय कागदावर, त्यामुळे उठून जाता येत नसे. ऐकून झालं की तो भाव करत नसे. आबांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र आजीची. तिचं माहेर कर्नाटकातलं अथणी. तिकडे हरळय्याची गोष्ट घरोघरी सांगतात. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) हरळय्यानं बसवण्णांना, म्हणजे महात्मा बसवेश्वरांना, नमस्कार केला, बसवण्णांनी उलट दोनदा नमस्कार केला. एका चर्मकाराला एवढा मान मिळाला, तो फेडायचा कसा? हरळय्या आणि त्याची बायको कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून बसवण्णांसाठी चपला केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. आजी इथे थांबत नसे. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायाच्या, मुलीशी झालं आणि त्या लग्नापायी बिज्जळ राजानं दोन्ही बापांना मारलं, हे ती त्याच आवाजात सांगायची. आम्ही पोरं रडायचो. ती म्हणायची, रडा, पण अर्धी ऐकून उठू नका.

जोडाबरोबरच्या चिठ्ठीची कल्पना मात्र गुरुजींची. गुरुजी गडहिंग्लजचे, निवृत्त मुख्याध्यापक. दरवर्षी दसऱ्याच्या आधी येऊन कापशीचा एक जोड घ्यायचे. एका वर्षी त्यांनी जोड हातात धरून विचारलं, "आबा, हे कातडं कमावलं कुणी?" आबांनी सांगितलं. मग विचारलं, "वेणी कुणाची?" आबांनी आईकडे बोट केलं. गुरुजी म्हणाले, "एवढं सगळं तुम्ही माझ्या कानात सांगता. मी घरी गेलो की ते माझ्याबरोबर संपतं. कागदावर द्या." त्यांनी तिथेच बसून पहिली चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहिली. कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. कमावणाऱ्याचं नाव, गाव. तळ ठोकणाऱ्याचं नाव. वेणी घालणारीचं नाव. खाली महिना. एवढीच. तिची झेरॉक्स काढून आम्ही खोक्यात घालू लागलो, मग छापू लागलो. चिठ्ठी बघून पुण्यामुंबईहून पत्रं आली, पुढे फोन, पुढे व्हॉट्सअपवर ऑर्डरी. 2015 च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानं बैलाचं कातडं राज्यात मिळेनासं झालं, तो काळही चिठ्ठीवर निभावला. कातडं कुठून आणावं लागतंय आणि भाव का वाढलाय, ते आम्ही तिच्यावरच लिहिलं. गिऱ्हाईक कुरकुरलं नाही. मधली वर्षं बरी गेली.

मग ती कंपनी आली. मोठ्या शहरातली, नाव लिहीत नाही. दोन तरुण माणसं, वागायला नम्र. त्यांना आमच्या चिठ्ठ्या फार आवडल्या होत्या. म्हणाले, आम्ही नुसती चप्पल विकणार नाही, तुमची गोष्ट विकणार. दोन हंगाम माल घेतला, पैसे वेळेवर दिले. तिसऱ्या वर्षी कॅमेरे घेऊन आले. आबांचे हात, आजोबांची रापी, आईच्या वेण्या, सगळं टिपलं. आजीला खुर्चीत बसवून हरळय्याची गोष्ट सांगायला लावली. आजी नटून बसली होती, पूर्ण गोष्ट सांगितली, शेवटाला तिचा आवाज कापला. जाताना 600 जोडांची ऑर्डर देऊन गेले.

आम्ही कातडं उधारीवर उचललं. जवाहरनगरात एवढा माल मावेना म्हणून नदीच्या बाजूला गोदाम भाड्यानं घेतलं. जुलै 2019 मध्ये माल तयार झाला, तेव्हा त्यांचा माणूस आला. वीसएक जोड ओळीत मांडले आणि म्हणाला, रंगात फरक आहे, लॉट घेता येणार नाही. झाडाच्या सालीत कमावलेल्या कातड्याला रंगात फरक येणारच. एकाच म्हशीच्या पाठीचा आणि पोटाचा रंग सारखा उतरत नाही. त्यांच्याच जाहिरातीत, "प्रत्येक जोड वेगळा, कारण तो हातानं घडलेला," असं मोठ्या अक्षरात होतं. ते वाक्य आमच्या चिठ्ठीतलं. मी ते त्याला दाखवलं. तो म्हणाला, ते ग्राहकांसाठी आहे.

ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला, शहर तुटलं. गोदामात पाणी शिरलं आणि ओसरायला दिवस लागले. साल-हिरड्याचं कातडं भिजलं तर सावलीत सुकवून, तेल पाजून निम्मं तरी वाचवता येतं. पण गाळाच्या पाण्यात कुजलेल्याला इलाज नाही. आम्ही ते ट्रॅक्टरनं टाकून आलो. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी गाजत होती. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते मिळालं. पत्रकार फोन करून कसं वाटतंय विचारत होते. कातडेवाल्याचा माणूस दारात बसलेला असायचा.

दिवाळीत त्या कंपनीचा व्हिडिओ आला. आबांचे हात, आईच्या वेण्या, आजी. खाली मजकूर : राजघराण्यासाठी घडणारी शाही कोल्हापुरी. पायात मात्र कुठल्या तरी कारखान्यातली क्रोम कातड्याची, म्हणजे सालीऐवजी रसायनात कमावलेल्या कातड्याची, सोल चिकटवलेली चप्पल. आजोबांची रापी त्यांच्या संस्थापकाच्या आजोबांची झाली होती. आजीची गोष्ट बसवण्णा चपला डोक्यावर घेतात तिथे कापली होती, वर सतार वाजत होती. लग्न नाही, बिज्जळ नाही, मरण नाही. कमावणाऱ्या ढोर समाजाचा उल्लेख कुठेच नाही. आजीनं व्हिडिओ दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा लावू दिला नाही.

वकील म्हणाले, मानांकन नावाला आणि मालाला संरक्षण देतं. घरची गोष्ट त्यात बसत नाही, आणि मानांकनाच्या आधारे बोलायचं तरी आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. शिवाय फोटोचा आणि चित्रीकरणाचा हक्क आधी ते करणाऱ्याकडे जातो. दावा चालवायला पैसे हवेत, ते गाळात गेले होते. म्हणून या धंद्यातल्या प्रत्येकाला सांगतो : कॅमेरा घेऊन कुणी आला तर चहा द्या, पण लेखी कागद झाल्याशिवाय कारखान्यात घेऊ नका. कागदावर तीन गोष्टी हव्यात. चित्रीकरण कुठे वापरणार, किती काळ वापरणार, आणि गोष्ट कापायची असेल तर कुणाला विचारणार. आणि आपले फोटो आपणच काढून ठेवा. फोन सगळ्यांकडे आहे.

त्या हिवाळ्यात आबांनी दुकान विकायचं मनावर घेतलं होतं. गुरुजी दसऱ्याला येऊ शकले नव्हते, ते डिसेंबरमध्ये आले. पायात आमचाच जुना जोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ बघितला, मग पायातलं पायताण काढून माझ्यासमोर ठेवलं. "रापी आण. कड काप." मी तळाची कड कापली. आतून बाहेरून सारखाच तपकिरी रंग. गुरुजी म्हणाले, "त्यांनी गोष्ट नेली, ही कड नेता आली नाही. चिठ्ठीत असं काही लिहा की ज्याला ती मिळेल त्याला घरी बसून तपासता येईल."

तेव्हापासून चिठ्ठीच्या खाली दोन ओळी असतात. पहिली : तळाची कड ब्लेडनं जराशी खरवडा. आतपर्यंत तपकिरी असेल तर कातडं सालीत कमावलेलं, निळसर-करडं दिसलं तर क्रोमचं. दुसरी : पाण्याचा एक थेंब टाका. आमचं कातडं तो पितं आणि तिथे गडद होतं, रेक्झिनवरून तो घरंगळतो. या ओळी छापल्यावर महिन्याभरात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी त्या कंपनीचा जोड घेतला होता, मैत्रिणीकडे आमची चिठ्ठी बघून कड खरवडली होती. त्यांना कड करडी दिसली. त्यांनी ते लोकांना दाखवलं. लोक आमचा नंबर शोधत आले. गुरुजींनी त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं लिहिली, त्यातल्या कित्येकांनी आगाऊ पैसे पाठवले. त्या पैशांत कातडेवाल्याची उधारी निम्मी फिटली आणि दुकान राहिलं. लॉकडाऊनमध्ये बसून आम्ही वेबसाइट केली.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर आमच्यासारखीच पायताणं दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. आरडाओरडा झाल्यावर त्यांनी प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं. तेव्हा मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, राग आला का? आला. पण तेवढ्याच रागानं मला विचारायचंय की देशातल्या देशात रोज हेच होतं, तेव्हा चॅनेलवाले कुठे असतात?

कार्यशाळेत मुलं विचारतात, आमच्याकडे गोष्ट नाही, काय करू? गोष्ट नाही असा धंदा नसतो. माल तुमच्याकडे येण्याआधी कुणाच्या हातातून आला, ते विचारत मागे मागे जा. जिथे विचारायला लाज वाटेल तिथे गोष्ट आहे. आमच्या धंद्यात ती जागा कातडं भिजवायच्या चुन्याच्या हौदापाशी आहे. तिथल्या वासाला लोक नाक धरतात, म्हणून कुठल्याही जाहिरातीत तो हौद दिसत नाही. कातडं पिशवीसारखं शिवून, त्यात सालीचं पाणी भरून टांगतात आणि ते थेंब थेंब झिरपत राहतं. हे एकदा बघितलेला माणूस आयुष्यभर भाव करत नाही. आम्ही गिऱ्हाईकांना तिथे नेतो. शाही, वैभवशाली, वारसा असले शब्द वापरू नका, ते कुणालाही चिकटतात. नाव, गाव, महिना लिहा. मजुरी लिहायची हिंमत असेल तर तीही लिहा. आम्ही दोन वर्षांपासून वेणीची मजुरी छापतो आणि त्यामुळे ती वाढवावी लागली, हेही सांगतो. आणि नवं पायताण घालण्याआधी एरंडेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवा, उन्हात वाळवू नका. हे विषयाला सोडून आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आजी आता नव्वदीला आली आहे. यंदा आम्ही तिची हरळय्याची गोष्ट स्वतः चित्रित केली, कन्नडमध्ये, कारण ती तिला त्याच भाषेत नीट येते. मराठी मजकूर गुरुजींनी तपासून दिला. तिच्यात काहीही कापलेलं नाही. गुरुजींचे पाय आता सुजतात, त्यांच्यासाठी भावानं रुंद पट्ट्याचा जोड वेगळा आखला आहे.

कंपनीचा व्हिडिओ अजून आहे. 600 जोडांचे पैसे अजून आलेले नाहीत, आबांनी त्या खात्याचं पान वहीतून काढू दिलेलं नाही. त्या कंपनीचा जोड कुणाकडे असेल तर कड खरवडून बघा आणि आम्हाला फोटो पाठवा.