लॉगबुकात 31, हातात किती?

सर्जरीच्या प्रशिक्षणात शेवटच्या वर्षाला लागलो तेव्हा माझ्या लॉगबुकात, म्हणजे शस्त्रक्रियांच्या नोंदवहीत, 'स्वतः केल्या' या रकान्यात, दुर्बिणीतून पित्ताशय काढायच्या 31 केसेस होत्या. मूल्यमापनाचे फॉर्मही होते, बहुतेक ठिकाणी पाचपैकी चार. ते कसे भरले जायचे तेही सांगतो. केस सोपी गेली की फॉर्म काढायचा, फसली की विसरायचा. महिनाअखेरीला पाच-सहा फॉर्म घेऊन सरांच्या दारात उभं राहायचं. सही करता करता सर विचारायचे, "ही कुठली रे?" मलाही आठवायचं नाही.

मग युनिटला नव्या मॅडम आल्या. फॉर्म केसच्या आधी मागायचा आणि ग्लोव्ह्ज उतरले की लगेच भरायचा, एवढीच त्यांची अट.

पहिली केस छान झाली. रक्तस्राव नाही, तासाभरात पित्ताशय पिशवीत. फॉर्मवर झ्विश स्केल होती. शिकवणाऱ्याला किती मदत करावी लागली, एवढंच ती विचारते. पायऱ्या चार: करून दाखवलं, सक्रिय मदत, निष्क्रिय मदत, नुसती देखरेख. मी मनात तिसरी धरून बसलो होतो. मॅडमनी दुसरीवर खूण केली.

"पण मॅडम, केस मीच केली ना?"

"पित्ताशयाची मान कोणाच्या हातात होती?"

त्यांच्याच. डाव्या हाताने ती मान कधी बाहेर ओढायची, कधी वर उलटवून मागची बाजू दाखवायची. ताण नेमका बसला की थर आपोआप उघडतो. मग थर कापणारा हुक धरलेल्या उजव्या हाताला फार डोकं लागत नाही. त्या रात्री लॉगबुक घेऊन बसलो. डावा हातही माझाच होता, अशा केसेस नऊ भरल्या. तीनदा मोजल्या.

दुसरा फॉर्म ओसॅट्सचा. शस्त्रक्रियेचं कौशल्य मोजायची, टोरोंटो विद्यापीठात नव्वदच्या दशकात तयार झालेली ही पद्धत. सात मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5. ऊतींना जपून हाताळणं, हालचालींची काटकसर वगैरे समजण्यासारखं आहे. 'सहायकाचा वापर' हा मुद्दा मला कागद भरायला घातलेला वाटायचा. त्यातच 2 मिळाले. कारण विचारलं तर म्हणाल्या, "'कॅमेरा नीट धर' किती वेळा ओरडलास? नीट म्हणजे कुठे, ते एकदा तरी सांगितलंस?" ज्युनियर माझ्याकडे न बघता फाईल आवरत होता.

पुढचे दोन महिने बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावाच्या पेटीवर, फक्त डावा हात. कंटाळवाणं काम, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग एका केसला मान माझ्या डाव्या हातात होती आणि मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. फॉर्म आला: निष्क्रिय मदत. मला देखरेखीची आशा होती.

"तुम्ही तर हात लावला नाहीत!"

"मी 'थांब' म्हटलं होतं."

मला आठवेना. ज्युनियरला आठवत होतं. मी क्लिप, म्हणजे कापण्याआधी नळी बंद करायचा चिमटा, मागितली तेव्हा. क्लिप लावण्याआधी तीन गोष्टी दिसाव्या लागतात: यकृत आणि पित्ताच्या नळ्यांमधल्या त्रिकोणातली चरबी साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. पहिली आणि तिसरी मी पाहिली होती. दुसरी झाली असं धरून चाललो होतो.

लॉगबुकात त्या केससमोर मी पेन्सिलने 'डावा हात माझा' असं लिहिलं, आणि त्याखाली 'थांब'.