पाय टेकेपर्यंत

सकाळी मोटरसायकलवर बसणं हा आता माझ्यासाठी एक कार्यक्रम असतो. आधी हेल्मेट, मग चष्मा. उलट केलं तर चष्म्याच्या काड्या कानशिलाशी भांडतात. मग हातमोजे. हातमोजे चढवून झाले की आठवतं, किल्ली पँटच्या खिशात आहे. हातमोजे काढायचे, किल्ली लावायची, पुन्हा हातमोजे. त्यानंतर मुख्य अंक. उजवा पाय पलीकडे नेणे.

पंचविशीत हा पाय पलीकडे कसा जायचा ते आठवत नाही. लक्षात ठेवावा असा तो विषयच नव्हता. आता सीट जमिनीपासून 835 मिलिमीटरवर, तिच्यामागे सामानाची पेटी त्याहून वर, आणि माझा गुडघा कसाबसा या दोन्हींच्या मधे पोचणारा. मागून पाय फिरवून आणायला गेलं तर बूट पेटीवर आपटतो. म्हणून मी डाव्या हाताने हँडल धरतो, उजव्या हाताने स्वतःचीच पँट गुडघ्यापाशी चिमटीत पकडतो आणि तो पाय, दुसऱ्या कुणाचं तरी सामान उचलून ठेवावं तसा, सीटवरून पलीकडे सरकवतो. घोड्यावर चढतात तसं डाव्या फूटरेस्टवर उभं राहूनही बसता येतं, पण तेव्हा गाडीचा नि माझा सगळा भार एकट्या साइड स्टँडवर येतो. त्याचे आणि माझ्या गुडघ्याचे हाल मला सारखेच दिसतात, म्हणून मी शक्यतो चिमटीनेच काम भागवतो.

वय त्रेसष्ट. उंची पाच फूट पाच इंच. गाडी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम 650, म्हणजे 645 सीसी, व्हीच्या आकारात बसवलेले दोन सिलिंडर, वीस लिटरची टाकी, आणि वजन 216 किलो. अशा गाडीला अ‍ॅडव्हेंचर टूरर म्हणतात. यातलं टूरर मला मान्य आहे. अ‍ॅडव्हेंचर म्हणाल तर ते गाडी सुरू व्हायच्या आधीचं आणि बंद झाल्यानंतरचं.

ही जात अशी उंच का, त्याला वाळवंट कारण आहे. 26 डिसेंबर 1978 ला पॅरिसहून पहिली डकार रॅली ही शर्यत निघाली, सहारा ओलांडून समुद्रापर्यंत. मोटरसायकलवाल्यांत जिंकला सिरिल नेव्हू, यामाहाच्या एक्सटी 500 या एकाच सिलिंडरच्या साध्या गाडीवर. दोनच वर्षांत, 1980 मध्ये, बीएमडब्ल्यूने आर 80 जी/एस काढली. जर्मन भाषेत जी म्हणजे रानवाट, एस म्हणजे रस्ता, मधली तिरकी रेघ म्हणजे दोन्ही. दगडगोट्यांवरून जायचं तर चाकाला वरखाली व्हायला जागा हवी, इंजिनाचं पोट जमिनीपासून लांब हवं, पुढचं चाक मोठं हवं. हे सगळं खाली भरलं की सीट वर जाते. इथवर कुणाचीच तक्रार नाही. पण नंतर या गाड्या वाळवंटापेक्षा डांबरावरच जास्त फिरू लागल्या आणि उंची मात्र तशीच राहिली. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाने आजवर पाहिलेली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतरचा एक कच्चा रस्ता. बाकी तिची सगळी उंची मी पार्किंगमध्ये भोगतो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शेजारीच तिची थोरली बहीण म्हणावी अशी एक उभी होती. साडेबाराशे सीसीची, 249 किलोची. विक्रेता तरुण होता, उत्साही होता. ती काय काय करू शकते ते त्याने दहा मिनिटं सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडली तर उचलायची कशी?" तो हसला. म्हणाला, "काका, ही पडत नाही." त्याच क्षणी माझा निर्णय झाला. जो विक्रेता गाडी पडतच नाही असं सांगतो तो एक तर फार लहान आहे किंवा त्याने अजून गाडी पाडलेली नाही. 249 आणि 216 यांत 33 किलोंचा फरक. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात ती सिमेंटची अर्ध्याहून जास्त भरलेली गोणी असते.

तरुण माणूस गाडी घेताना तिचा वेग पाहतो, निदान मी तरी पाहायचो. आता मी तिचं वजन पाहतो, आणि तेही चालत्या गाडीचं नाही. चालती गाडी वजन दाखवतच नाही. वीस-पंचवीसचा वेग घेतला की ती स्वतःच स्वतःला सावरते. कलली की पुढचं चाक कललेल्या बाजूला वळतं आणि गाडी परत आपल्या खाली येऊन उभी राहते. तिथे माझं काम फक्त तिच्या आड न येणं. सगळा खेळ आहे तो शेवटच्या दोन मीटरांत. वेग चालण्याइतका झाला की गाडी अंग काढून घेते. म्हणते, आता तुमचं तुम्ही बघा.

मी एकदा ढोबळ हिशेब मांडला होता. गाडी सरळ उभी असेल तर हँडलला एक बोट लावूनही तोलता येते. पाच अंश कलली की हातावर नऊ-दहा किलो येतात. दहा अंशांना अठरा-वीस. वीस अंशांना सदतीसच्या आसपास, आणि तेवढ्यात आपला विचार बदललेला असतो. आता गाडी वाचवायची नाही, पाय वाचवायचा.

माझी पडली ती अशीच. अरुंद रस्त्यावर वळून परत फिरायचं होतं. वेग जवळजवळ नाहीच, हँडल पूर्ण वळलेलं, आणि समोर अचानक एक कुत्रं. हात सवयीने पुढच्या ब्रेकवर गेला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. हाताला कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि बाकीची गाडी सावकाश, अगदी मोठ्या माणसासारखी, उजव्या कुशीवर झोपली. मीही तिच्याबरोबर अर्धवट उतरलो, अर्धवट पडलो. कुत्रं दोन पावलं मागे सरून आमच्याकडे बघत उभं. लागलं काहीच नाही. आरसा फिरला, ब्रेकच्या दांडीच्या टोकाचा गोळा तुटला. दोन वाटसरू धावत आले आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी गाडी उभीही केली. त्यातला एक म्हणाला, "या वयात एवढी मोठी गाडी कशाला, काका?" त्याने मदत केली होती म्हणून मी उत्तर दिलं नाही. उत्तर सुचलंही नव्हतं.

घरी येऊन मी गाडी उचलण्याची विद्या शिकलो. ही विद्या खरी आहे आणि ती ताकदीची नाही. पडलेल्या गाडीकडे तोंड करून तिला वर ओढायला गेलात तर कंबर गेली म्हणून समजा. गाडीकडे पाठ करायची. आधी इंजिन बंद आहे ना ते पाहायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, आणि ती उजव्या कुशीवर असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर एवढ्या कष्टाने उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. मग हँडल पूर्ण वळवून खालची मूठ एका हातात घ्यायची, दुसऱ्या हाताने सीटमागची दांडी धरायची, बूड सीटच्या कडेला टेकवायचं आणि पाठ ताठ ठेवून उलटं चालायला लागायचं. पावलं एकेक वितीची. उचलतात ते पाय. हातांनी फक्त धरून ठेवायचं. पहिल्यांदा गाडी वर आली तेव्हा मला आपण काहीतरी फसवणूक केली असं वाटलं, इतकी ती मुकाट्याने आली.

मेन स्टँडचंही तसंच आहे. तिथेही बहुतेक लोक गाडी हाताने वर खेचतात. स्टँडच्या दांडीवर उभं राहायचं असतं, सगळं वजन त्या एका पावलावर देऊन. गाडी आपोआप मागे सरकून चढते. वाढलेल्या पोटाचा इतका थेट उपयोग मला आयुष्यात दुसरीकडे कुठे झालेला नाही.

आता मी रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. इतर लोकांना रस्ता दिसतो, मला त्याचा उतार दिसतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला खाली असतो. कडेला थांबलात की त्या बाजूची जमीन दोन बोटं खाली गेलेली असते, आणि माझ्या पायाला नेमकी तेवढीच दोन बोटं कमी पडतात. म्हणून थांबायची जागा मी दुरूनच निवडतो. तिथे वाळू आहे का, खडी आहे का, नाक उताराकडे करून उभी केली तर परत मागे ढकलता येईल का. माझ्यासारख्या माणसाने 216 किलो चढावर उलटं ढकलायचं म्हणजे दिवसभराच्या प्रवासाचा आनंद दोन मिनिटांत फेडणं. थांबताना दोन्ही पायांची बोटं टेकवण्यापेक्षा बूड थोडं सरकवून एक पाय सपाट टेकवावा, उजवा मागच्या ब्रेकवर राहू द्यावा, हेही मला गाडीने शिकवलं. तिने शिकवण्याची फी म्हणून तो ब्रेकचा गोळा घेतला. टाकीसुद्धा मी क्वचितच पूर्ण भरतो. वीस लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पंधरा किलो, आणि तेही गाडीच्या पार माथ्यावर. तसंही भरलेली टाकी चारशेच्या वर किलोमीटर जाते. टाकीचा मालक ऐंशीला थांबतो. का, ते माझ्या वयाच्या पुरुषांना सांगावं लागणार नाही.

डोळ्यांचं थोडं वाईट वाटतं. चष्म्याच्या खालच्या भिंगातून मीटर दिसतो, वरच्यातून रस्ता, आणि मान अशी हलते की मागून येणाऱ्याला मी सारखा हो म्हणतोय असं वाटत असावं. वयाबरोबर बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळं पडतं, आणि रात्री समोरून दिवे आले की काही क्षण सगळंच पांढरं. म्हणून दिवस मावळायच्या आत मी मुक्कामी. आणि वेगाचा हिशेब तर सरळच आहे. ताशी ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. माझा हात पूर्वीपेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा हलत असेल तर ते अकरा मीटर मला समोरच्या गाडीपासूनच उधार घ्यायला हवेत. मी घेतो. त्या मोकळ्या जागेत कुणी ना कुणी घुसतंच. मग मी पुन्हा अकरा मीटर मागे.

एवढं सगळं असून गाडी का, असं मुलगा विचारतो. त्याच्याकडे कार आहे, तिच्यात मागे बघायला कॅमेरा आहे. त्याला मी टेड सायमनचं उदाहरण देतो. हा ब्रिटिश पत्रकार 1973 मध्ये पाचशे सीसीच्या ट्रायम्फवर जगाच्या फेरीला निघाला, चार वर्षांनी परतला, आणि 2001 मध्ये सत्तरीला टेकलेला असताना पुन्हा त्याच फेरीला निघाला. मुलगा म्हणतो, "बाबा, तो टेड सायमन होता." खरं आहे. मी सत्तर किलोमीटर जाऊन परत येतो. पण त्या सत्तरात एक पट्टा असा आहे की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन ना ओढत, ना रागावत, एकसारखं गुणगुणत राहतं. रुंद हँडलमुळे खांदे मोकळे, पाठ सरळ, गुडघे फारसे न दुमडलेले. घरातली कुठलीच खुर्ची मला इतक्या नीट बसवत नाही. एका मोठ्या वळणावर मी डोळे वळणाच्या शेवटाकडे लावतो, आतल्या बाजूची मूठ किंचित पुढे रेटतो, आणि ती 216 किलोंची बाई माझ्या एका तळहाताच्या शब्दावर कलते. दहा अंश. कधी पंधरा. उभ्याने हेच अंश मला आडवं करतात.

मुलाने एकदा सरळच विचारलं, कधी विकणार? मी त्याला तारीख दिली नाही, परीक्षा सांगितली. दर वाढदिवसाला सकाळी गाडी गवतावर नेतो, पेट्या काढून ठेवतो आणि तिला हळूच उजव्या कुशीवर झोपवतो. मग पाठ करून एकट्याने उचलतो. ज्या वर्षी उठणार नाही त्या वर्षी विकायची.

यंदा हिने खिडकीतून पाहिलं. गाडी उभी करून, धाप लपवत आत आलो तेव्हा म्हणाली, "दुसऱ्या खेपेला उठली ना?"

"गवत ओलं होतं," मी म्हटलं.