पत्राचा दुसरा परिच्छेद

धोकादायक इमारतींच्या नोटिसा दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर निघतात. नगरपरिषद कायद्याच्या कलम 195 चा कागद दारावर चिकटतो: इमारत उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा. आमच्या गावात ‘किंवा’च्या पुढचं कुणी वाचत नाही.

गावातले जुने वाडे, वेस, बारव टिकावेत म्हणून धडपडणारे आम्ही नऊ जण आहोत. तेरचं संग्रहालय बघून परतताना एसटीत हा गट जमला. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर ते संग्रहालय उभं राहिलं. मग आपल्याला आपली एक गल्ली का सांभाळता येऊ नये, असं तेव्हा वाटलं होतं. गटात अभियंता मी एकटाच. म्हणून सही माझी लागते.

गेल्या मे महिन्यात नोटीस आली ती सोळाखांबी वाड्याला. आत राहतात फक्त आजी, मुलगा पुण्याला. सगळ्यांचा आग्रह एकच, ‘वाडा सुरक्षित आहे’ असं पत्र मी द्यावं. मी म्हटलं, आधी बघू द्या.

ढेलजेतून, म्हणजे दारातल्या ओसरीतून, आत गेलं की नऊ खणांचं माळवद, मातीचं सपाट छत. चार खांबांमधला चौकोन म्हणजे एक खण. तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, सागाचा खांब, खांबावर हस्त म्हणजे कोरीव लाकडी आधार, हस्तावर तुळई, वर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर आणि त्यावर पांढरीची माती. सगळे सांधे कुसवाचे, एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, खिळा एकही नाही. आमच्या सुतारानं पटाशीचं टोक खांबांच्या बुडाशी टोचून पाहिलं. चौदा खांब ठणठणीत, दोन बुडाला कुजलेले.

मग छतावर चढलो. माळवद गळू नये म्हणून लोक दरसाल पांढरीच्या पाट्या टाकतात, पण जुनी माती खाली कुणी उतरवत नाही. सब्बल घातली तर दोन फूट आत गेली. एकेक खण सात बाय सात फुटांचा, म्हणजे नऊ खणांवर जवळपास नऊ ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). ट्रॅक्टरच्या नऊ ट्रॉल्या, चाळीसेक टन! एवढं ओझं त्या सागानं किती वर्षं डोक्यावर धरलं असेल, या विचारानं माझी छाती अभिमानानं भरून आली. कुणाच्या तरी आज्यापणज्यानं केलेलं ते काम होतं.

भिंतींचं मात्र तसं नव्हतं. जाडी अडीच फूट. बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड कुठेच नाही. मागच्या भिंतीला ओळंबा सोडला तर मध्यावर चार इंच पोट सुटलेलं. मुठीनं ठोकलं की ढपढप आवाज. अशी भिंत हादरली की दोन्ही तोंडं वेगळी होऊन ढासळतात.

मी खांबांची मापं लिहीत होतो तेव्हा आजी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“खांब बगालास व्हय बाबा? त्या रातीबी खांब उभेच व्हते. मान्सं भिताडाखाली गेली.”

त्यांचं माहेर किल्लारीकडचं, भूकंपात जमीनदोस्त झालेल्या बावन्न गावांपैकी एक. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. त्यांचे दोन भाऊ त्यात गेले. तेव्हापासून आजी उन्हाळ्या-हिवाळ्यात चौकात झोपतात, पावसाळ्यात ढेलजेत, दार सताड उघडं ठेवून. आम्ही त्या वाड्यात तीन वर्षं जात होतो. हस्तांवरच्या पोपटांचे शेकडो फोटो काढले. तुम्ही झोपता कुठे, हे मात्र एकानंही विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मी पत्र लिहिलं. पहिला परिच्छेद: भिंती धोकादायक आहेत, भिंतीलगत कुणी झोपू नये. दुसरा: लाकडी सांगाडा भक्कम आहे, माती उतरवावी, दोन खांब बदलावेत, मागची भिंत खिडकीच्या खालपर्यंत उतरवून पुन्हा बांधावी, बाकीच्या भिंतींना आरपार भोकं पाडून सळई घालून काँक्रीट भरावं, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू द्यावेत. सांगाड्याला हात लावू नये. भूकंपानंतर या भागातल्या घरांसाठी असेच उपाय सांगितले गेले होते, मी नवीन काही काढलं नव्हतं. माती उतरवायला आम्ही नऊ जण पुढच्या रविवारी येणार होतो.

सोमवारी पत्र दिलं. शुक्रवारी सकाळी जेसीबी आला.

मी धावत पोचलो तेव्हा मागची भिंत पडलेली होती. अधिकाऱ्याच्या हातात माझंच पत्र, पहिल्या परिच्छेदाखाली लाल रेघ. “तुमचीच सही आहे ना?” दुसरा परिच्छेद मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते म्हणाले, मुलाची फोनवर संमती आहे. पान उलटण्याचीही तसदी न घेणाऱ्या माणसाच्या हाती एवढा अधिकार असावा, याची चीड आजही जात नाही.

बकेट तुळईला दोनदा लागली, सांगाडा नुसता डुलला आणि परत जागेवर आला. तिसऱ्यांदा मधल्या खांबावरचं कुसू मोडलं आणि सगळी पांढरी एकदम खाली आली. धुळीत काही दिसेना. आदल्या संध्याकाळी खांबांवर ऑइलपेंटनं आकडे टाकून गेलेला आमचा सुतार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गटातले दोघं माझ्याशी बोलत नाहीत. ‘सुरक्षित’ एवढा एक शब्द लिहिला असता तर वाडा राहिला असता, असं त्यांचं म्हणणं. तो शब्द मी आजही लिहिणार नाही. पण दोन्ही परिच्छेद एकाच पत्रात का घातले, सांगाड्याचं आधी का लिहिलं नाही, हे रात्री डोक्यात फिरत राहतं.

आठ दिवसांनी आजींना भेटायला गेलो. चौकाच्या जागी पत्र्याचं शेड होतं आणि त्या भरदुपारी शेडमध्ये झोपल्या होत्या. तळखडे सोळाही जागेवर होते.

मुलानं नव्या घराचा नकाशा माझ्याकडेच मागितलाय. आजींनी एकच सांगितलंय, दारात बसायला ढेलज पायजे. तळखड्यांची अंतरं मी पुन्हा मोजून आणली आहेत, सात-सात फूट. कागदावर अजून तेवढेच सोळा ठिपके आहेत.