उजवा फ्लिपर

"मामा, हे तुमच्याच खात्यातलं आहे," असं म्हणत भाच्याने आमच्या कर्वेनगरच्या पार्किंगमध्ये टेम्पोतून एक जुनं अमेरिकन पिनबॉल मशीन उतरवलं. खातं म्हणजे टेलिफोनचं. झाकण उघडलं आणि पटलं. आत एकही आयसी (चिप) नाही, नुसते रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, आणि गुण मोजणारे स्टेपर. माझी नोकरीतली पहिली काही वर्षं स्ट्रोजर या जुन्या पद्धतीच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या अशाच खडखडाटात गेली.

मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. तापकीर गल्लीतून स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणला, मुद्दाम ११० व्होल्टवाला. व्होल्टेज उतरवता येतं, पण आपले ५० हर्ट्झ ५०च राहतात आणि त्यावर मशीनचा मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. दहा व्होल्ट कमी, तेवढाच त्याला आराम.

फ्लिपर म्हणजे बटण दाबल्यावर बॉल उडवणाऱ्या दोन दांड्या. तक्रार अशी: डावा फ्लिपर बॉल थेट वर फेकतो, उजवा नुसता ढुशी देतो. भाच्याने आधीच कॉइल जळाल्याचं जाहीर केलं होतं, रिवाइंडिंगचा भावही काढून झाला होता. अहो, पण जळाल्याचा वास कुठे आहे?

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन वाइंडिंग असतात. जाड तारेचं फटका मारायला, बारीक तारेचं फ्लिपर वर धरून ठेवायला. बटण दाबताना एक कॉन्टॅक्ट मिटलेला असतो, तो बारीक वाइंडिंगला बगल देतो, म्हणून पूर्ण करंट जाड तारेतून जातो. फ्लिपर वर पोचला की तोच कॉन्टॅक्ट उघडतो, दोन्ही वाइंडिंग सिरीजमध्ये येतात, करंट उतरतो.

प्लग काढून मीटर लावला. डावीकडे ३ ओहम, उजवीकडे ३८. मग उजव्या कॉन्टॅक्टवर क्रोकोडाइल क्लिपची वायर आडवी टाकली. ३! म्हणजे कॉन्टॅक्ट मिटूनही बगल देत नव्हता, करंट बारीक तारेतूनही जात होता. कॉइल ठणठणीत, कॉन्टॅक्ट काळाठिक्कर.

भाचा पॉलिश पेपर घेऊन तयारच होता. तो आधी त्याच्या हातून काढून घेतला. फ्लिपरचा कॉन्टॅक्ट टंगस्टनचा, त्याला बारीक कानस चालते. रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीचे, त्यांच्यातून कोरं व्हिजिटिंग कार्ड ओढायचं, बास. लग्नपत्रिका नको, सोनेरी वर्ख सुटतो.

मी चहाला वर गेलो तेवढ्यात भाचेसाहेबांनी फ्लिपरच्या कॉन्टॅक्टची पट्टी "घट्ट बसावी" म्हणून वाकवली. आता कॉन्टॅक्ट उघडेचना. बटण दाबून धरलं आणि जो वास आधी नव्हता, तो आला. धावत येऊन प्लग ओढला. पट्टी परत वाकवून, फ्लिपर पूर्ण वर असताना दोन मिलिमीटर फट राहील अशी केली. कॉइलचा कागद थोडा तपकिरी झालाय, पण चालतेय.

हे सगळं बुधवारी रात्री साडेअकराला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याने मित्रांना खेळायला बोलावलं होतं. पुण्यात जन्म जाऊनही गुरुवारी लाइट जातात हे पोराला आठवलं नाही. मंडळींनी पोहे खाल्ले, बॉल हाताने ढकलून पाहिला आणि गेली.